पिट्यूटरीच्या शस्त्रक्रियेनंतरची पाठपुरावा सेवा : एका रुग्णाचा अभिप्राय

कुशिंग आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवरच्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन प्रमाणाबाहेर वाढते. ही गाठ नाकावाटे काढण्याचे काम काही तासांत उरकते. त्यानंतरचा दीर्घ काळ मात्र रुग्ण हार्मोन विभागाच्या पाठपुरावा सेवेवर विसंबून असतो. मी ज्या रुग्णालयात उपचार घेतले, तेथील या सेवेविषयी मला लिहायचे आहे.

घरी सोडण्यापूर्वी तेथील परिचारिकेने मला आणि माझ्या पतींना समोर बसवून पुढची स्पष्ट कल्पना दिली. गाठीमुळे वाढलेल्या कॉर्टिसॉलने पिट्यूटरीच्या निरोगी पेशी दबून गेलेल्या असतात. त्या पूर्ववत होण्यास सहा महिने, वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो आणि तोवर कॉर्टिसॉलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू असूनही सांधे दुखतील, त्राण राहणार नाही, मन खचेल, हे त्यांनी काहीही हातचे न राखता सांगितले. शस्त्रक्रियेनंतर कॉर्टिसॉल अगदी खाली जाणे हे चांगले लक्षण मानतात, हेही तेव्हाच कळले. पुढे जिना चढताना कठडा धरून मध्येच बसावे लागे, तेव्हा आजार उलटला या भीतीने मी हाय खाल्ली नाही, ती या माहितीमुळेच.

पहिल्या दोन आठवड्यांत सोडियम एकाएकी उतरू शकते, म्हणून रक्ततपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून दिली होती. ताप आल्यास गोळ्या किती वाढवायच्या, हे ठरवून दिले होते. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल, तर 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देऊन तातडीने रुग्णालय गाठायचे असते. ते मांडीत कसे द्यायचे, याचा सराव पतींकडून, त्यांच्या हाताची थरथर थांबेपर्यंत, न कंटाळता करून घेतला. माझ्या मते संपूर्ण सेवेत याहून मोलाचे काही नाही. डोस कमी केल्यावर मळमळ सुरू झाली, तेव्हाही फोन उचलला गेला आणि त्याच दिवशी डॉक्टरांचा निरोप आला.

एक उणीव मात्र गंभीर आहे. कॉर्टिसॉलची तपासणी सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी करायची असते. तरीही आम्हाला सर्वसाधारण रांगेतच थांबवले जाते. गोळीविना चक्कर येत असलेल्या रुग्णांचे रक्त सर्वांत आधी घेतले जावे आणि गोळी घेण्यासाठी पाणी व बसण्याची जागा तेथेच मिळावी, अशी व्यवस्थापनाला कळकळीची विनंती आहे.