क्रूझ कंपनीची मेंबरशिप काही महिने वापरून झाली, आता खरं काय ते लिहितो

जहाज कसं होतं, शाकाहारी काय मिळतं, रूम केवढी असते यावर लोकांनी ढिगाने लिहून ठेवलंय, मी त्यात पडत नाही. मी लिहितोय ते मेंबरशिपबद्दल. एकदा क्रूझ केली की कंपनी आपल्याला आपोआप मेंबर करून टाकते, पॉइंट देते आणि मग गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड अशा पायऱ्या दाखवत बसते ना, ते. पहिल्यांदा मी आणि बायको सिंगापूरहून जाऊन आलो, नंतर अख्खं घर घेऊन गेलो, मधे आणि नंतर कित्येक महिने ते ॲप, ऑफरचे ईमेल आणि कस्टमर केअर हेच चाललंय. आमच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, त्यावरून भांडण नको. बाकीच्या कंपन्यांचे जे नियम लिहितोय ते त्यांनी स्वतःच जाहीर केलेले आहेत.

आधी हिशोब सांगतो. माझा टेरी टॉवेलचा धंदा आहे, सोलापुरातच, त्यामुळे आकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही (जहाजावर पण पहिल्या दिवशी टॉवेल हातात घेऊन जीएसएमचा, म्हणजे कापडाच्या वजनाचा, अंदाजच बांधत बसलो, बायको म्हणली आता तरी सोडा की ओ). तर रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीची क्राउन अँड अँकर म्हणून स्कीम आहे, तिच्यात जहाजावर काढलेल्या एका रात्रीला १ पॉइंट. प्लॅटिनमला ३० लागतात, एमराल्डला ५५, डायमंडला ८०, डायमंड प्लसला १७५ आणि सगळ्यात वर पिनॅकल, त्याला ७००. सिंगापूरहून आपल्याकडचे लोक बहुतेक ३-४ रात्रींच्या ट्रिपा करतात. वर्षाला एक ४ रात्रींची धरा, ती पण दरवर्षी जमली तर. डायमंडला २० वर्षं. पिनॅकलला १७५ वर्षं. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची, म्हणजे तिचा भोंगा वाजायच्या आधीपासून आमच्या पणजोबांनी क्रूझ करायला सुरुवात करायला पाहिजे होती.

सूट, म्हणजे मोठी महागडी रूम, घेतला तर रात्रीला २ पॉइंट पडतात, एकटाच माणूस अख्ख्या रूमचे पैसे भरून गेला तर एक जादा. एकट्याचा नियम मला पटतो, तो बिचारा दोघांचं भाडं भरतो. सूटचं पण समजू शकतो, पैसे जास्त मोजलेत.

पण मुळात ही शिडी कुणासाठी लावलीय ते बघा. फ्लोरिडात राहणारं रिटायर्ड जोडपं गाडी काढतं, मायामी नाहीतर पोर्ट कॅनव्हेरलला जातं आणि जहाजात बसतं. शेवटच्या आठवड्यात स्वस्त रूम निघाली की तेवढी पण उचलतं. आपण काय करतो, सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर मुंबई, तिथून विमान, त्याआधी व्हिसा, पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस म्हणजे आगाऊ कापला जाणारा टॅक्स, आणि सिंगापूरला एखादी रात्र हॉटेल, कारण त्याच दिवशी उतरून जहाज गाठायचं म्हणजे जिवाला घोर. क्रूझच्या भाड्यापेक्षा हा खर्च जास्त होतो आणि याचा पॉइंट शून्य. कंपनीला हे पैसे मिळत नाहीत हे मला कळतं, त्यांनी याचे पॉइंट द्यावेत असं म्हणत नाही मी. पण "निष्ठावान ग्राहक" असं नाव देऊन जे मोजतात ते अर्धं तरी पत्ता मोजणं आहे.

आता फायदे. खालच्या पायरीवर मिळतं काय, तर पुढच्या बुकिंगवर थोडी सूट, एखादं कूपन, वायफायवर काहीतरी डिस्काउंट. वरच्या पायऱ्यांचे फायदे बरेचसे दारूभोवती फिरतात. रॉयलच्या डायमंडला रोजची ४ ड्रिंक्सची व्हाउचर मिळतात, आमच्या घरात कोणी पीत नाही, पण तीच कॉफीला आणि कोल्ड्रिंकला चालतात त्यामुळे ते एक बरं आहे. प्रिन्सेस कंपनीच्या एलिट पायरीवरच्या लोकांना कपडे धुऊन फुकट मिळतात, ही मला सगळ्यात शहाणी सोय वाटली. १५ दिवसांची क्रूझ असेल तर लाँड्रीचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

या असल्या फायद्यांबद्दल माझी काडीची तक्रार नाही, खरंच नाही. फुकट लाँड्री, डिस्काउंट, कॉफी हे कंपनी स्वतःच्या खिशातून देते, मला त्याने काय फरक पडतो. तक्रार दुसऱ्या जातीच्या फायद्यांबद्दल आहे. आधी चढायचं, आधी उतरायचं, थिएटरात पुढच्या खुर्च्या राखीव, किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटीत पहिला नंबर. हे कंपनी देते कुठून? तर माझ्या वेळातून. तिला एक रुपया खर्च नाही.

माझ्याकडे लातूर-नांदेडकडचे व्यापारी वर्षानुवर्षं माल नेतात. त्यांना भाव कमी लावतो, पेमेंटला मुदत देतो, सणाला घरी बोलावतो, ते सगळं माझ्या मार्जिनमधून जातं आणि तो भाव मी बोर्डावर लिहीत नाही. पण एखादं नवीन गिऱ्हाईक सकाळपासून येऊन बसलंय, त्याचा माल गाडीत चढायला लागलाय, आणि तेवढ्यात जुनं गिऱ्हाईक आलं म्हणून मी नव्याचे गठ्ठे खाली उतरवले तर? तो परत येईल का दारात? आणि जुन्याला तरी ते बघून बरं वाटेल का, सांगा. क्रूझवाले नेमकं हेच करतात आणि वर त्याला बेनिफिट म्हणतात.

दुसऱ्या ट्रिपचंच सांगतो. फुकेतला आमचं जहाज धक्क्याला लागलं नाही, समुद्रातच नांगर टाकला आणि तिथून लहान बोटींनी किनाऱ्यावर नेणार होते. आम्ही नाश्ता उरकून वेळेत खाली, टोकन घेतलं, बसलो. आधी वरच्या पायरीवाले, मग सूटवाले, मग कंपनीची महागडी टूर घेतलेले, मग उरलेले. आमचा नंबर लागेस्तोवर ऊन डोक्यावर आलं होतं, आणि परतीची शेवटची बोट काय कुणासाठी थांबत नाही. भाडं मी पण पूर्ण भरलं होतं ना त्या फुकेतचं? बोटीचा खर्च माझ्या तिकिटात पण धरलाय. आईने तर किनारा बघितला तो बहुतेक गाडीतूनच.

आणि आईवरून आठवलं, कुटुंबाचा नियम. बऱ्याच ठिकाणी नवरा-बायको एका पत्त्यावर राहत असतील तर दोघांना एकच पायरी मिळते आणि १८ च्या खालची पोरं आईबापाच्या पायरीवर. रॉयलमध्ये असंच आहे, आमच्या कंपनीत पण. नियम चांगलाच आहे, नाही कशाला म्हणू. पण आम्ही सोलापुरात जुळे सोलापूर भागात एका घरात राहतो, आई, दादा, वहिनी, त्यांची कॉलेजातली पोरगी, एक चूल, एक लाईट बिल. पत्ता तोच आहे की! कंपनीच्या लेखी मात्र हे सगळे परके. आईला मी हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "मग मी कोण रे, शेजारीण?"

त्यात आमची अजून एक गंमत झाली. पहिल्या ट्रिपला डबल पॉइंटची ऑफर होती म्हणून आम्ही दोघं खालून दुसऱ्या पायरीवर गेलो होतो. दुसऱ्या वेळी एजंटने माझं नाव टाकताना पासपोर्टप्रमाणे वडिलांचं नाव जोडून टाकलं, पहिल्या वेळी जोडलं नव्हतं. झालं, सिस्टीमने मला नवीन माणूस समजून नवीन नंबर दिला. बायको जुनी मेंबर आणि मी पहिल्यांदा आलेला पाहुणा. एजंटला फोन लावला तर म्हणतो, "मालक, पॉइंट पडतील की ओ, टेन्शन कशाला घेताव." टर्मिनलवर बायकोला प्रायोरिटीची लाईन, मला, आईला, दादाला साधी. ती आम्हाला सोडून एकटी जाणार थोडीच, आली साध्या लाईनीत. तसंही त्या प्रायोरिटीच्या लाईनीत आमच्यापेक्षा जास्त माणसं उभी होती, इतक्या लोकांना स्पेशल करून ठेवलंय की साधी लाईन लवकर सरकते.

ते दोन नंबर एक करायला नंतर किती महिने गेले विचारू नका. ईमेल टाकला की उत्तर यायचं "तुमची विनंती नोंदवली आहे", मग शांतता. पासपोर्टचा स्कॅन, दोन्ही बुकिंगची कन्फर्मेशन, परत पासपोर्ट. शेवटी जोडले, पॉइंट बरोबर आले, तेवढं मान्य करतो. पण आडनाव, नाव, वडिलांचं नाव ही आपली पद्धत करोडो लोकांची आहे, त्यांच्या फॉर्मला ती कळत नाही म्हणजे नवलच आहे. जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर दोन्हीकडे तोच होता हो!

आता जरा मोठं चित्र, कारण बाकीच्या कंपन्यांत काय चाललंय ते वाचल्यावर मला आमचीच बरी वाटायला लागली. कार्निव्हलची जुनी स्कीम दिवसांवर होती, ७५ ला प्लॅटिनम, २०० ला डायमंड. त्यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून नवीन स्कीम, दिवस नाही तर किती डॉलर खर्च केले त्यावर पायरी, आणि ती पण कायमची नाही, दोन दोन वर्षांच्या हिशोबाने परत कमवायची. तिकडच्या जुन्या लोकांनी मग भरपूर आरडाओरडा केला. धंदेवाला म्हणून मला खर्चाचं माप कळतं, जो जास्त देतो त्याला जास्त. पण मग १० वर्षं रात्री मोजायला लावल्याच कशाला? माणसाने त्या हिशोबाने सुट्ट्या काढल्या, दुसऱ्या कंपनीची स्वस्त ट्रिप सोडली, आणि अर्ध्या वाटेत माप बदललं. मला विचाराल तर रात्रींचं माप जास्त न्याय्य, कारण गरीब असो श्रीमंत असो, रात्र प्रत्येकाची तेवढीच.

एमएससीचं उलटंच. दुसऱ्या क्रूझ किंवा हॉटेल कंपनीचं कार्ड दाखवा, त्या तोडीची पायरी देतो म्हणतात, एक दिवस पण न जाता. आपल्यासारख्याला हे सोयीचं आहे, मी नाकारत नाही, पण जो इतकी वर्षं त्यांच्याच जहाजांवर फिरला त्याला काय वाटत असेल. आणि तीन वर्षं त्यांच्याकडे गेला नाहीत तर मेंबरशिप थंड पडते. रॉयलचे पॉइंट निदान मरत तरी नाहीत. कॅसिनोचा तर वेगळाच दरबार आहे, रॉयलमध्ये क्लब रोयाल म्हणून, तिथे खेळणाऱ्यांची वेगळी शिडी, आणि भरपूर खेळणाऱ्याला रूमच फुकट. शेकडो रात्री काढणाऱ्याला रोजची व्हाउचर आणि जुगार खेळणाऱ्याला रूम, यात निष्ठा कुठे आली बघा तुम्हीच.

आणि कंपनीच राहिली नाही तर? आपल्याच मुंबईहून २०१९ मध्ये जलेशचं कर्णिका जहाज मोठ्या थाटात सुरू झालं, २०२० मध्ये कंपनी बंद आणि जहाज अलंगला भंगारात. स्टार क्रूझ, ड्रीम क्रूझवाली गेंटिंग हाँगकाँग जानेवारी २०२२ मध्ये बुडाली. कॉर्डेलिया कंपनीचं जे एम्प्रेस जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जातं ते आधी रॉयल कॅरिबियनचंच, एम्प्रेस ऑफ द सीज, १९९० सालचं. म्हणजे ज्या डेकवर चालून कुणीतरी डायमंड झाला असेल त्याच डेकवर आज तुम्ही चाललात तर रॉयलच्या खात्यात काही पडणार नाही. जहाज तेच, पायरी गायब.

स्टार द्यायचेच तर जहाजाला ४ आणि मेंबरशिपला अडीच, त्यातला अर्धा कूपन वेळेवर आलं म्हणून. पायरीसाठी म्हणून मी जास्त रात्रींची ट्रिप घेणार नाही, दादाला पण तेच सांगितलं, तो मधे ॲप बघून "अजून थोडेच पॉइंट राहिलेत बे" करत होता.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी कामाचं तेवढं सांगतो. अकाउंट बुकिंगच्या आधी स्वतः काढा, फुकट असतं, आणि नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच. एजंटला मेंबर नंबर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी सांगू नका. घरातल्या १८ च्या वरच्या प्रत्येकाचं वेगळं अकाउंट, आईचं पण. घरी आल्यावर पॉइंट जमा झाले का बघा, नसतील तर जहाजाच्या कार्डाचा आणि बिलाचा फोटो लागतो, ते कार्ड पोरांना खेळायला देऊ नका. आणि फुकेतसारखं बोटीने उतरायचं ठिकाण असेल तर कुठली पायरीबियरी असो नसो, टोकन कुठे आणि किती वाजता वाटणार ते आदल्या रात्रीच रिसेप्शनला विचारून ठेवा.