८×४२ की १०×४२? नागपूरच्या जंगलवाटा आणि तलावकाठासाठी दुर्बीण निवडताना

पक्षी पाहायला दुर्बीण घ्यायची ठरली की गाडी शेवटी ८×४२ आणि १०×४२ या दोन आकड्यांपाशी येऊन अडते. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वजन जवळपास सारखं, किमतीत फार अंतर नाही, बाहेरून पाहिलं तर दोन्ही जुळ्या. दुकानदार म्हणतो, "दहाची घ्या, जास्त जवळ दिसतं." तेही खोटं नाही. मी दोन्ही वापरून आठवर स्थिरावलो आहे, पण दहा घेणारा फसला असं म्हणणार नाही. त्याचा रविवार सागाखाली जातो की पाण्याकाठी, यावर बरंचसं ठरतं.

आधी दहाची बाजू. हिवाळ्यात पारडगावला किंवा उमरेडकडच्या इतर तलावांवर बदकं काठाशी येत नाहीत, दीड-दोनशे मीटर आत पाण्यावर बसून राहतात. मोठी लालसरी आणि छोटी लालसरी एकाच थव्यात मिसळल्या असतील, तर नर सहज वेगळे पडतात. माद्यांचा घोळ होतो. मोठ्या लालसरीच्या मादीचा फिकट गाल दहातून पटकन उठून दिसतो, आठमधून जरा डोळे ताणावे लागतात. चिखलात फिरणाऱ्या तुतारी पक्ष्यांचंही तेच. ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरव्या तुतारीची डोळ्यापाशीच संपते. एवढी बारीक खूण पाहायची तर वाढीव दोन पट कामाला येतात. आभाळात घिरट्या घालणारा सर्पगरुड किंवा मधुबाज असला तरी दहा बरी, कारण मोकळ्या आभाळात पक्षी शोधावा लागत नाही.

सागाच्या जंगलात मात्र शोधावाच लागतो, आणि माझं पारडं तिथेच झुकलं.

डिसेंबरात गोरेवाड्याच्या वाटेवर सागाला अजून थाळीएवढी पानं असतात. अशा वेळी मिश्र थवा येतो: चष्मेवाला, सुभग, छोटा निखार, एखादा नाचण आणि सोबत दोन-तीन पर्ण वटवट्ये. हा थवा वाट ओलांडून पलीकडे जायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. वटवट्या तर एका डहाळीवर दोन सेकंद टिकत नाही. नुसत्या डोळ्यांना तो नीट दिसत असतो. दहा वर उचलली की समोर फक्त पानं. खाली घेऊन पुन्हा पाहावं, तर तो वीतभर सरकलेला. पुन्हा उचलावी, पुन्हा पानं. सोबतचे लोक भुवईचा रंग बोलत असतात आणि आपण अजून फांदी शोधत असतो. या एका वैतागापुढे बाकीचे गुण मला दुय्यम वाटू लागले.

कारण साधं आहे. दहा मीटरवर चांगल्या आठमधून साधारण १.४ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो, दहामधून १.१ मीटरच्या आसपास. रुंदीतला फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ काढलं तर आठची खिडकी दीडपटीहून मोठी निघते. फोकसची खोलीही आठमध्ये जवळपास तेवढीच जास्त मिळते. पक्षी आठ मीटरवरून बारा मीटरवरच्या फांदीवर गेला, तर दहाचं चाक लगेच फिरवावं लागतं. आठमध्ये बोटाची किंचित हालचाल पुरते. खिडकी चुकणं आणि फोकस सुटणं हे दोन्ही एकाच वेळी होतं, म्हणून दहामधून पक्षी "हरवतो".

सराव केला की हे सुधारतं, हे मान्य. पक्ष्यावरची नजर अजिबात हलवायची नाही, मान खाली घालायची नाही, दुर्बीण उचलून डोळ्यांपर्यंत आणायची. त्याआधी पक्ष्याजवळची एक खूण मनात धरायची: वाळकं पान, फांदीचा दुबेळका, सालीवरचा पांढरा डाग. आठवर ही सवय लवकर बसते. दहावर बसायला हंगाम जातो, असं मला दिसलं आहे. कुणाचा हात जास्त चपळ असेल तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळाली की दोन्हींतलं अंतर बरंच कमी होतं, हेही सांगायला हवं.

भल्या पहाटेच्या उजेडाबद्दल आठची नेहमी तारीफ होते. तिच्या मागच्या भिंगातून ५.२५ मिलिमीटरचं प्रकाशवर्तुळ डोळ्यात येतं, दहामधून ४.२. बांबूच्या सावलीत जंगल पिंगळा पाहताना तरुण डोळ्यांना हा फरक जाणवतो. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची बाहुली तेवढी उघडत नाही, त्यामुळे फक्त त्यासाठी आठ घेऊ नये.

आता पुन्हा तलावावर येऊ, कारण दहा घ्यायची ती तिथल्यासाठीच. फेब्रुवारीपासून आपल्याकडे सकाळी साडेनऊ-दहाला काठची माती तापते आणि हवा थरथरू लागते. दुर्बीण पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करते. त्याच सुमाराला तलाव आटत आत सरकतो, पक्षी आणखी लांब जातात, म्हणजे मधे तापलेल्या चिखलाचा पट्टा वाढतो. मग दहामधून मोठी पण विरघळलेली तुतारी दिसते. त्यात हाताचा कंप आला. कोपरं छातीला टेकवा, खाली बसून गुडघ्यांवर ठेवा किंवा एका बोटाने टोपीची कड धरा. कंप कमी होतो, जात नाही. साडेआठच्या आत तलाव उरकणाऱ्याला दहाचा पुरेपूर फायदा मिळतो. पण त्या वेळी आपण बहुतेक जंगलातच असतो ना!

गटात कुणाकडे स्कोप (तिपाईवर लावायची मोठी एकनळी दुर्बीण) असेल तर दहाची गरज आणखी घटते. कोकणात गेलात, अलिबागजवळ आक्षीला वगैरे, तर हे चांगलंच कळतं. सुरूच्या बनात आठ छान चालते, समोरच्या ओहोटीच्या वाळूवर दोन्ही तोकड्या पडतात. भरतीच्या दोनेक तास आधी गेलं तर चढतं पाणी चिखल्या पक्ष्यांना आपल्याकडे ढकलतं; हा उपाय दहाच्या वाढीव ताकदीपेक्षा मोठा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेवढं पाहून निघावं. परतल्यावर खारा थर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. कोरडं पुसलं तर भिंगावर ओरखडे पडतात.

चष्मा असेल तर एक जास्तीची तपासणी. डोळ्यापासून भिंगाचं चालणारं अंतर किमान १५ मिलिमीटर हवं, जाड काचांना १७-१८. दहाच्या बऱ्याच मॉडेलांत ते कमी असतं आणि आधीच लहान खिडकीच्या कडा कापल्या जातात. चष्मेवाल्यांना मी तरी आठच सुचवेन.

नागपुरात सीताबर्डीवर दुकानात गेलात तर काउंटरवरून समोरची पाटी पाहून ठरवू नका. दुर्बीण दारात आणा. डावा डोळा उघडा ठेवून मधलं चाक जुळवा, मग डावं भिंग हाताने झाकून उजव्या डोळ्यासाठीची कडी फिरवा. ही जुळणी न करता केलेली तुलना फुकट. नंतर आभाळावर उठून दिसणारी विजेची तार पाहा. तारेला जांभळी-हिरवी किनार किती येते ते दोन्हींत बघा. मध्यम किमतीच्या दहामध्ये ती सहसा जास्त असते. आणि दुर्बिणीवर छापलेला, किती रुंद दिसतं ते सांगणारा अंशांचा आकडा वाचा. आठ म्हटली की खिडकी मोठी असेलच असं नाही. काही आठ ६.४ अंशांच्याही निघतात, आणि काही चांगल्या दहा त्यांच्या पुढे जातात. आठ घेत असाल तर ७.५ किंवा जास्त, दहा घेत असाल तर ६.५ च्या आसपास असलेलीच घ्या.