नाशिकहून आणलेले दोन लेदर बेल्ट: आठ महिने वापरून झाल्यावर लिहिते आहे

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळं मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला वायनरी बघून आलो तेव्हा तिथली बाटली काही घरी आणता आली नाही, आणले ते दोन बेल्ट. एक माझा, एक यांचा. लगेच लिहायचं नाही हे तेव्हाच ठरवलं होतं, कारण नवा बेल्ट पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच छान वाटतो, त्याच्यावरून हिवाळ्यातली लग्नं, मे महिन्यातलं आमच्याकडचं ४५ च्या आसपासचं ऊन आणि मृगाचा पाऊस गेला की मग खरं काय ते कळतं. आता जून संपत आला, म्हणून लिहिते.

आधी हे सांगते की मी बेल्टच्या मागं का लागले. मी आर्वी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज स्कूटीनं जाणं-येणं, कुर्ता आणि पँट हाच वेष. हे शेती बघतात, कापूस आणि सोयाबीन, त्यांना बेल्ट रोज लागतो आणि घामानं रोज भिजतो. गेल्या पाच वर्षांत आमच्या घरात सहा बेल्ट आले असतील, बाजारातले, ऑनलाइनचे, सगळ्यांवर जेन्युइन लेदर लिहिलेलं, आणि सगळ्यांचं एकच झालं, सहा महिन्यांत छिद्रापाशी पापुद्रे सुटले, आतून पुठ्ठ्यासारखा लगदा दिसायला लागला. एका ऑनलाइन दुकानाला फोटो पाठवले तर रिटर्नची तारीख गेली म्हणून उत्तर आलं. पैसे हजाराच्या आतले होते, पण राग पैशाचा नव्हता, चामडं म्हणून चुरा विकल्याचा होता.

आता नाशिक. माझी धाकटी बहीण तिथं असते, जावई सातपूरला कंपनीत आहेत. विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो, दोन दिवस आराम केला आणि मंगळवारी सगळे मिळून सुला ही वायनरी बघायला गेलो, गंगापूर धरणाच्या बाजूला. शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते असं बहीण म्हणाली होती, तेव्हा जमलं तर मधल्या वारी जा, आम्हाला बाल्कनीत बसायला निवांत जागा मिळाली आणि अडीच तास कोणी उठा म्हणालं नाही. जावईबापूंनी गाडी चालवायची म्हणून घोटही घेतला नाही, ते मला फार आवडलं.

द्राक्षं मात्र वेलीवर नव्हती. बरेच लोक दिवाळीत जातात आणि घड दिसले नाहीत म्हणून हिरमुसतात, पण तिकडं वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे छाटणी होते, आम्ही गेलो तेव्हा नुसते कोवळे फुटवे होते. युरोपात थंडीनं वेल आपोआप झोपी जाते, आपल्याकडं तशी थंडीच नाही म्हणून वर्षात दोनदा छाटावी लागते, एकदा एप्रिलमधे आणि एकदा पावसाळा सरताना. हे ऐकून आमच्या यांनी ड्रिपपासून फवारणीपर्यंत प्रश्न सुरू केले, दाखवणारा मुलगाही शेतकऱ्याच्याच घरातला निघाला, मग काय, बाकीची माणसं पुढं गेली आणि हे दोघं वेलीपाशीच उभे. आजूबाजूचे शेतकरी करार करून वाइनची द्राक्षं लावतात, भाव आधी ठरलेला असतो, हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते. कापूसवाल्या माणसाला ते ऐकून काय वाटत असेल ते मला माहीत आहे.

राजीव सामंतांनी या कंपनीला नाव आईच्या नावावरून दिलं, सुलभा वरून सुला, आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी नाशिक म्हणजे खायची द्राक्षं, ती मोठी, पातळ सालीची, बिनबियांची. वाइनची द्राक्षं बारकी, साल जाड, आत बिया. काळ्या द्राक्षाचाही आतला गर पांढराच असतो, रंग सगळा सालीत, म्हणून पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच पिळून वेगळा करतात आणि लाल वाइन सालीसकट आंबवतात. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या, हात लावला तर गार.

चाखायला थोडी थोडी देतात, पाच ग्लास. आधी बघायची, मग हलवून वास घ्यायचा, मग घोट. मी आयुष्यात पहिल्यांदा घेत होते. शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन गोडसर, सोपी वाटली. सोव्हिन्यॉ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनला मला चक्क हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास आला आणि तो मुलगा म्हणाला बरोबर, बऱ्याच जणांना तसाच येतो. शेवटी लाल, शिराझ. घोट गेला आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली, गालाच्या आतून सगळं आवळून आलं. तो म्हणाला हे टॅनिन, सालीतून आणि बियांतून येतं. मी बहिणीला म्हटलं, अगं हे तर हिरडा चघळल्यासारखं तुरट आहे. ती हसली, पण माझ्या जिभेवर ती चव बराच वेळ राहिली, जांभळं जास्त खाल्ल्यावर राहते तशी.

आणि खरी गंमत दुसऱ्या दिवशी. बहीण तिच्या ओळखीच्या एका कारागिराकडं घेऊन गेली, छोटंसं वर्कशॉप, बाप-लेक दोघंच काम करतात. भिंतीवर कातड्याच्या पट्ट्या टांगलेल्या, म्हशीचं कातडं. मी सवयीनं विचारलं, खरं लेदर आहे ना? त्यांनी एक पट्टी हातात दिली, म्हणाले कड बघा, वास घ्या. मग सांगितलं की हे कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे, कोल्हापुरी चपलेचं परंपरेनं कमावतात तसं, त्यातलं टॅनिन कातड्यात मुरतं म्हणून ते सडत नाही. काल जे माझ्या जिभेला आवळत होतं तेच कातड्यालाही आवळतं! मला उभ्या उभ्या इतका आनंद झाला म्हणून सांगू. आमच्या वर्ध्याला नालवाडीत गांधीजींच्या काळात चर्मालय होतं, मेलेल्या जनावरांचं कातडं तिथं कमावायचे, हे शाळेत मी मुलांना सांगते, पण बाभळीची साल नेमकं काय करते ते मला नाशिकला कळलं, आणि बाभळी तर आमच्या बांधावरच उभ्या आहेत.

त्यांनीच फरक समजावला. क्रोममधे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं कातडं लवकर तयार होतं, मऊ असतं, कापलं की कड आतून निळसर-करडी दिसते. सालीचं आठवडेच्या आठवडे घेतं, कडक असतं, कड आरपार तपकिरी. आणि जेन्युइन लेदर नावाखाली कातड्याचा आतला हलका थर, नाहीतर चुरा डिंकात दाबून वर प्लास्टिकचा थरही विकतात. बकलची चमक बघून बेल्ट घेणाऱ्यांनो, कड बघा आणि छिद्रातून आत बघा, एवढं केलं तरी निम्मी फसवणूक टळते.

माझ्यासाठी सव्वा इंची टॅन रंगाचा घेतला, १,४५० रुपये. यांच्यासाठी दीड इंची गडद तपकिरी, १,६०० रुपये. मापाला त्यांनी पँटचा नंबर घेतलाच नाही, म्हणाले जुना बेल्ट काढा, आणि बकल सोडून जे छिद्र रोज लावता तिथपर्यंत मोजलं. मला बेल्ट पँटमधेही लागतो आणि कुर्त्यावरूनही, दोन्हीकडं कंबर वेगळी, कुर्त्यावर वर बसतो, पँटमधे खाली, म्हणून पाचाऐवजी सात छिद्रं पाडून दिली. हे मी आधी कुठल्याच दुकानात ऐकलं नव्हतं.

आता वापर. पहिले पंधरा दिवस माझा बेल्ट लाकडासारखा कडक होता, खाली बसलं की पोटाला टोचायचा, पोषण आहार वाढताना वाकावं लागतं तेव्हा जास्तच. दोनदा वाटलं चूक केली. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या कमरेच्या वळणानं वाकला आणि तेव्हापासून आजपर्यंत तक्रार नाही.

आमच्याकडं दसरा झाला तरी अंग भाजतं, थंडी म्हणावी तर कार्तिकातच, पण रंग मात्र तेव्हापासूनच बदलतात. मी मोहरी रंगाचा एक कुर्ता आणि वाइन रंगाचा खादीचा एक असे दोन काढले, त्यावर टॅन बेल्ट इतका शोभला की शाळेतल्या मॅडम लोकांनी हात लावून बघितला. ऑलिव्ह हिरव्यावरही छान जातो. काळा बेल्ट या रंगांवर मला जड वाटतो, ते माझं मत. लांब कुर्त्यावर बेल्ट लावायचा तर कापड थोडं जाडं हवं, पातळ रेयॉनवर चुण्या पडून पोट उगीच फुगीर दिसतं. २६ जानेवारीला सुती साडीवर लावला, सुंदर दिसला. फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नात रेशमी साडीवर लावला ते मात्र करू नका, बकलच्या काट्यात धागा अडकून ओढला गेला आणि पदराजवळ एक रेघ कायमची उठली.

सासूबाईंना वायनरीचं आधी पटलं नव्हतं. "काहून वं, एवढ्या दूर जाऊन दारूचा कारखाना पाहून आल्ली?" असं त्या आल्या आल्या म्हणाल्या होत्या. पण बेल्टवर डाग पडले तेव्हा उत्तर त्यांच्याकडूनच मिळालं. डिसेंबरात माझ्या बेल्टवर उजव्या बाजूला काळे ठिपके दिसायला लागले, तिथं मी शाळेच्या कपाटाच्या किल्ल्यांचा लोखंडी जुडगा अडकवते. मला वाटलं बुरशी. सासूबाईंनी हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाल्या, "हिरड्याले लोखंड लागलं का काळं पडतेच ना वं, आमी शाई तशीच करत होतो." त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं, टॅनिन आणि लोखंड भेटलं की काळं होतं, ओल असेल तर लवकर. मग लिंबाचा रस पाण्यात घालून फडक्यानं हलकेच पुसलं, डाग बराच फिका झाला, वाळल्यावर थोडं तेल लावलं. आता जुडगा पर्समधे ठेवते. हिरडा-बाभळीचा बेल्ट घेणार असाल तर ही गोष्ट नक्की लक्षात ठेवा, लोखंडी पिना, किल्ल्या, गंजकी खुंटी, काहीच नको.

उन्हाळा ही खरी परीक्षा होती. बहिणीनं मॉलमधून मला एक रुंद, सोनेरी बकलचा रेक्झिनचा बेल्ट दिला होता, ३९९ चा, दिसायला फार सुरेख, तो स्कूटीच्या डिक्कीत राहिला आणि एप्रिलच्या शेवटी काढला तर आरपार तडा. लेदरचा तडकला नाही पण कोरडा पडला, मार्चपासून महिन्यातून एकदा मेणाचं पॉलिश बोटानं चोळते. मधे खोबरेल लावून बघितलं तर रंग एकदम गडद झाला, तो परत आला नाही, म्हणून तेल घेतलंच तर दोन थेंबांवर नको. तसाही हा बेल्ट उन्हानं आणि हातानं रंग बदलतोच, ऑक्टोबरात बिस्किटासारखा होता, आता गुळासारखा झालाय, मला तो आताच जास्त आवडतो.

यांच्या बेल्टनं मात्र कमालच केली. कापूस वेचणीपासून फवारणीपर्यंत रोज कमरेला. घामाची पांढरी रेघ उमटते, ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवला की जाते. छिद्रं ओढून लांबली नाहीत. उन्हाळ्यात हे थोडे बारीक झाले तर बाजारातल्या मोचीकाकांकडून एक छिद्र वाढवून घेतलं, त्यांनी पंच मारला आणि विचारलं हे कातडं कुठून आणलं, आता असं येत नाही. तक्रार एकच, यांनी हौसेनं काळ्या कोटिंगचं बकल निवडलं होतं, त्याचे कोपरे मार्चपर्यंत उडाले, खालचा पांढरा धातू दिसतो. माझं भरीव पितळेचं आहे, ते मंद पडतं पण स्क्रूवर आहे, सोडवायचं, चिंचेनं घासायचं, देवाच्या भांड्यांबरोबर, की नवंकोरं. शंभर-दोनशे जास्त गेले तरी पितळेचंच घ्या.

पावसाळा लागताच मागच्या आठवड्यात कपाटात ठेवलेल्या माझ्या बेल्टवर पांढरी बुरशी आली, दोनच दिवस गुंडाळून ठेवला होता. कोरड्या कापडानं पुसला, वाऱ्याला टांगला, गेली. आता दोन्ही बेल्ट दाराआड लाकडी खुंटीला लोंबत असतात. उन्हात मात्र टाकू नका, आखडतो.

माझ्या बेल्टला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या पहिल्या पंधरा दिवसांसाठी कापला. यांच्या पट्टीला पाच आणि बकलला दोन.

राखीला बहीण माहेरी येणार आहे, तिला तिसरा बेल्ट सांगून ठेवलाय, लेकीसाठी, ती यंदा अकरावीला वर्ध्याला जाते. एक इंची, शिराझच्या रंगाचा, पितळी बकल, बकल सोडून २९ इंच, सात छिद्रं. आणि कड घासून न रंगवलेली, मला ती बघायची आहे.