शोरूमचं पेंट प्रोटेक्शन: वर्षभर धुऊन पुसून पाहिल्यानंतर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना उद्याच शोरूममध्ये सह्या करायच्या आहेत त्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. नव्या गाडीसोबत शोरूमवाले जे पेंट प्रोटेक्शन, म्हणजे रंगावरचं संरक्षक कोटिंग, विकतात, त्याने गाडी धुणं काही महिने सोपं होतं. बास. ओरखडे थांबत नाहीत, खडीचे टवके थांबत नाहीत, आणि वॉरंटीच्या ज्या कागदाच्या जोरावर ते विकलं जातं तो कागद गरजेच्या वेळी माझ्या काही कामाला आला नाही. नुसतं धुणं सोपं हवं असेल, तर तेवढं काम करणारी सीलंटची, म्हणजे रंगावर पातळ संरक्षक थर देणाऱ्या द्रवाची, बाटली त्या पैशाच्या एका कोपऱ्यात येते आणि एका सकाळी घरी लावून होते.

आता सविस्तर.

आमची गाडी गडद निळी. हवं ते मॉडेल हव्या त्या रंगात तयार उभं होतं, पण त्यावर कोटिंग ‘आधीच झालेलं’ होतं आणि बिलात त्याची वेगळी ओळ होती. कोटिंग नको असेल तर दुसरी गाडी येईपर्यंत थांबा, असा मामला. घासाघीस केली, ती रक्कम निम्म्यावर आणली आणि गाडी घेतली. निम्म्यावर येताना सेल्समनला फारसा त्रास झालेला दिसला नाही, यावरून त्या ओळीत मार्जिन किती असेल ते समजा. हे पॅकेज बहुतेकदा कर्जाच्या कागदांबरोबर पुढे सरकवलं जातं. एकरकमी आकडा ऐकून माणूस दचकतो, हप्त्यात मिसळला की दचकत नाही. पण मग त्या बाटलीवर आपण काही वर्षं व्याजही भरत राहतो.

लावलंय काय, असं विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, सिरॅमिक टेफ्लॉन आहे.” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, नॉनस्टिक भांड्यांवर असतं ते. भांड्यावर ते घट्ट बसतं कारण कारखान्यात ते त्याच्या वितळणबिंदूच्या, म्हणजे ३२७ अंश सेल्सिअसच्या, पुढे तापवलं जातं. गाडीचा रंग तेवढा तापवला तर रंगच शिल्लक राहणार नाही. त्यामुळे पॉलिशमध्ये पीटीएफईचे कण घातले तरी ते इतर घटकांच्या आधाराने पृष्ठभागावर राहतात, रंगाशी एकजीव होत नाहीत. सिरॅमिक कोटिंगचं रसायन सिलिकाच्या घराण्यातलं. ते रंगावर कडक होऊन बसतं, योग्य लावलं तर खरंच दीर्घकाळ टिकतं, पण थर असतो जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

हा मायक्रॉनचा हिशेब एकदा डोक्यात बसला की सेल्समनची निम्मी वाक्यं आपोआप गळून पडतात. कारखान्यातून आलेल्या गाडीचा सगळा रंग, म्हणजे गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. उन्हापासून रंग वाचवणारी अतिनील किरण शोषणारी द्रव्यं या क्लिअर कोटमध्ये मुळातच घातलेली असतात. म्हणजे ‘उन्हाने रंग उडणार नाही’ हे वचन गाडी बनवणाऱ्याने आधीच पाळलेलं असतं, शोरूमवाला ते दुसऱ्यांदा विकतो. आणि ४० मायक्रॉनचा क्लिअर कोट जो ओरखडा अडवू शकला नाही, तो वरचा एक मायक्रॉन अडवेल ही अपेक्षाच जरा भाबडी आहे.

‘नाईन एच हार्डनेस’ हा शब्द माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत होता. हे माप पेन्सिलीचं आहे. कोटिंगवर वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरावीक दाबाने ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडतो ते पाहतात. ९एच म्हणजे नेहमीच्या मापपट्टीतली सगळ्यात कडक पेन्सिल. रस्त्यावरच्या धुळीत मात्र पेन्सिली नसतात, वाळूचे कण असतात, आणि वाळूतलं क्वार्ट्झ कोणत्याही पेन्सिलीपेक्षा खूपच कडक. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की काय होतं ते कोटिंगवाल्या आणि बिनकोटिंगच्या दोन्ही गाड्यांवर सारखंच दिसतं.

सारखंच दिसतं हे मी अंदाजाने म्हणत नाही. डिलिव्हरीनंतर थोड्याच दिवसांत कोणीतरी पार्किंगमध्ये मागच्या डाव्या दाराला ठोकून गेलं. दार विम्यातून दुरुस्त झालं, पूर्ण रंगवून आलं. शोरूमचं म्हणणं, या दारावर आता कोटिंग नाही, हवं असेल तर पुन्हा पैसे भरा. मी म्हटलं राहू दे. त्यामुळे एकाच गाडीवर, एकाच उन्हात, एकाच हाताने धुतलं जाणारं बिनकोटिंगचं एक दार मला आयतं मिळालं. तुलना अगदी काटेकोर नाही, हे मान्य. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात, दुरुस्तीच्या दुकानात साठेक अंशांवर, म्हणून नंतर मारलेला रंग सहसा थोडा मऊ असतो. म्हणजे खरं तर या दाराची अवस्था पुढच्या दारापेक्षा वाईट व्हायला हवी होती.

पहिले तीन-चार महिने फरक स्पष्ट होता. पुढच्या दारावर पाणी गोल थेंबांनी उभं राहायचं आणि गाडी हलली की ओघळून जायचं. मागच्या दारावर ते चपटं पसरायचं. वाळलेला चिखल पुढच्या दारावरून नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघायचा, मागच्यावर शांपूचा हात फिरवावा लागायचा. हा फायदा खरा आहे आणि मला आवडला. ज्यांच्याकडे गाडी धुवायला वेळ कमी आहे त्यांना तर जास्तच आवडेल.

मग हळूहळू थेंब चपटे होत गेले. आधी बॉनेटवर, कारण तिथे खालून इंजिनची उष्णता आणि वरून ऊन. मग टपावर. दारांवर सगळ्यात शेवटी. वर्षाच्या आत दोन्ही दारांवर पाणी एकसारखं पसरायला लागलं. कधी कधी कोटिंग शाबूत असतं आणि वर फक्त मळाचा पातळ थर बसलेला असतो, म्हणून जरा कडक शांपूने नीट धुऊन पाहिलं. थोडे थेंब परतले, पण पहिल्यासारखे नाहीत. कागदावर मुदत पाच वर्षांची होती. एवढ्या लवकर उतरलं म्हणजे ते अस्सल सिरॅमिक नसावं, साधं पॉलिमर सीलंट असावं, असं माझं मत झालंय. बाटली कधीच दाखवली नव्हती.

थेंबांबद्दल अजून एक. जाहिरातीत सगळा भर त्या टपोऱ्या थेंबांवर असतो, पण क्षाराच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यांसाठी तेच थेंब डोकेदुखी आहेत. पसरलेलं पाणी पातळ वाळतं. उभा थेंब एका जागी वाळतो आणि त्यातला सगळा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार एका पांढऱ्या कड्यात गोळा होतो. उन्हात वाळलेली अशी कडी माझ्या निळ्या बॉनेटवर दुरून दिसायची. धुतल्या धुतल्या मायक्रोफायबरच्या मोठ्या टॉवेलने पाणी टिपून घेतलं तर प्रश्न मिटतो. पण मग ‘काही करावं लागत नाही’ हे वाक्य कुठे राहिलं?

ओरखड्यांची गोष्ट तर डिलिव्हरीच्या दिवसापासून सुरू होते. घरी आणल्यावर मोबाईलचा टॉर्च तिरका धरला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल बारीक ओरखडे बॉनेटभर. कोटिंग नीट करायचं तर आधी गाडी धुवायची, रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबर काढायचं, क्लेने (रुतलेली घाण ओढून काढणाऱ्या मऊ गोळ्याने) घासून घ्यायचं, ओरखडे पॉलिश करायचे, अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा आणि मग कोटिंग लावून ते सुकू द्यायचं. चांगल्या डिटेलिंगवाल्याला, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याला, यात एखाद-दुसरा दिवस जातो आणि मेहनताना मुख्यतः याच तयारीचा असतो. शोरूममध्ये हे काम डिलिव्हरीच्या रांगेत उभ्या गाड्या धुणाऱ्या मुलाकडे असतं. त्याला दोष नाही, त्याला दिलेला वेळच तेवढा. पण पॉलिश न करता कोटिंग मारलं की ते ओरखडे कोटिंगखाली जसेच्या तसे राहतात.

आता वॉरंटी. बॉनेटवर पक्ष्याची विष्ठा दोन दिवस उन्हात राहिली आणि खाली मंद, सुरकुतल्यासारखा डाग पडला. यात विष्ठेतल्या आम्लाचा वाटा असतो आणि उन्हाचाही: तापलेला क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, वर वाळून कडक झालेल्या विष्ठेच्या आकारातच पुन्हा आकसतो, आणि तिथली चमक जाते. माहितीपत्रकात पक्ष्यांच्या विष्ठेचं चित्र होतं, म्हणून कागद घेऊन गेले. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं की विष्ठा २४ तासांत काढलेली असावी. खडीचे टवके, ओरखडे, क्षाराचे डाग, झाडाचा चीक, अपघात हे सगळं वगळलेलं. दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून ‘मेन्टेनन्स कोट’ घेतलेला असावा. आणि सगळ्या अटी पाळून दावा मान्य झालाच, तर मिळणार काय? त्या जागी पॉलिश आणि पुन्हा कोटिंग. नवा रंग नाही. पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा थोडा भाग घासून काढणं, हेही लक्षात ठेवा.

मी एक मेन्टेनन्स कोट घेतला होता. गाडी सकाळी दिली, जेवणाआधी परत मिळाली, चकाचक. पुढच्या दारावर मात्र हँडलभोवती नवे गोल ओरखडे, बहुधा एकाच बादलीत दिवसभर बुडवलेल्या फडक्याचे. दुसऱ्या वेळी गेले नाही.

“कोटिंग घेतलं नाही तर कंपनीची रंगाची वॉरंटी अडचणीत येईल,” असंही मला सुचवण्यात आलं होतं. गाडीसोबतचं वॉरंटीचं पुस्तक उघडून बघा. रंग आपोआप सोलटणं, फोड येणं असे कारखान्याचे दोष त्यात वेगळे लिहिलेले असतात. माझ्या पुस्तकात शोरूमच्या कोटिंगचा उल्लेखही नव्हता.

मग पैसे घालायचेच असतील तर कुठे? माझ्या गाडीवर वर्षभरात खरं, भरून न येणारं नुकसान झालं ते पुढचा बंपर आणि बॉनेटची पुढची कड या दोनच ठिकाणी, आणि ते सगळं समोरच्या गाड्यांनी उडवलेल्या खडीने. ते अडवण्याची ताकद फक्त पीपीएफमध्ये, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्ममध्ये, आहे. ही पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाहूनही जाड. हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूने झिजू नयेत म्हणून व्हिएतनाम युद्धाच्या काळात जी फिल्म वापरली, तिचीच ही पुढची पिढी. चांगल्या फिल्मवरचे हलके ओरखडे उन्हाच्या उबेने भरूनही येतात. पूर्ण गाडीला महाग पडते. पण बंपर, बॉनेटची कड, आरसे आणि दाराच्या हँडलमागची वाटी एवढ्यालाच लावून घेता येते, आणि पुढच्या गाडीला मी तेवढंच करणार आहे.

सिरॅमिक हवंच असेल तर स्वतंत्र डिटेलिंगवाल्याकडे जा, बाटलीवरचं नाव बघा, आधी पॉलिश करणार का ते विचारा. एका डिटेलिंगवाल्याने मला सरळ सांगितलं, “ताई, गाडी तुम्ही स्वतः नीट धुता, तुम्हाला याची गरज नाही.” माल विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकून त्याच्यावर विश्वास बसला, म्हणून फक्त बॉनेटवरचा डाग त्याच्याकडून पॉलिश करून घेतला. ऐंशी टक्के गेला.

सध्या मी दोन बादल्या, गाडीचा शांपू, लोकरी मिट (धुण्याचा हातमोजा) आणि तीन-चार महिन्यांनी स्प्रे सीलंट यावर आहे. सीलंट दोन्ही दारांवर लावते आणि दोन्हीकडे पाण्याचे थेंब पुन्हा गोल उभे राहतात. बंपरवरच्या टवक्यांसाठी टच-अप पेन आणलंय. आणताना गाडीचा कलर कोड लागतो, तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा बॉनेटखाली छापलेला असतो. नुसतं ‘गडद निळा’ सांगून आणलं तर हमखास वेगळाच निळा येतो.