भांडुपच्या खाडीवरचं पक्षीमंडळ: ६०० रुपये वसूल होतात का?

वर्गणी वर्षाला ६०० रुपये, जोडप्याला ९००. त्यात रविवारच्या फेऱ्या, पावसाळ्यातली काही व्याख्यानं आणि एक हिरवी टोपी. प्रवासखर्च ज्याचा त्याने करायचा, चहासुद्धा आपापला. मी बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे पैसे वसूल झाले की नाही ते आधी बघतो. झाले. पण बहुतेक लोक ज्यासाठी नाव नोंदवतात, त्याच्यावर नाही झाले.

मंडळाचं नाव लिहीत नाही. चालवणारेच म्हणाले, खुशाल लिहा, पण नाव नको, फ्लेमिंगोच्या दिवसांत आधीच माणसं आवरत नाहीत. मुलुंड-भांडुपकडच्यांनी चौकशी केली की कळेलच.

तर आधी फ्लेमिंगो. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत ठाणे खाडीत त्यांचा मुक्काम असतो, आणि त्यातला एक रविवार मंडळ पाहुण्यांना खुला ठेवतं, माणशी १०० रुपये. हा रविवार मी तरी टाळा म्हणेन. लोक पांढरेशुभ्र कपडे घालून येतात, मोठ्याने बोलतात, आणि पक्षी जवळ येऊन उभे राहतील अशी वाट बघतात. ते असतात चिखलाच्या पार पलीकडच्या कडेला. दुर्बीण नसेल तर एक गुलाबी पट्टा दिसतो, बस. गेल्या वेळी एकाने ड्रोन काढला होता. ताईंनी तो तिथल्या तिथे पिशवीत भरायला लावला.

ताई म्हणजे मंडळाच्या फेऱ्या नेणाऱ्या बाई. त्यांचं समजावणं मात्र ऐकण्यासारखं. रोहित म्हणजे फ्लेमिंगोच. मोठा रोहित उंच, जवळजवळ पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच लांबून काळपटच दिसते. आपल्याकडच्या थव्यांत भरणा छोट्याचा. मळकट राखाडी दिसतात ती आजारी नव्हेत, लहान वयाची. गुलाबी रंग खाण्यातून, शेवाळातून हळूहळू चढतो. हे सगळं पन्नास माणसांच्या गलक्यात ऐकायचं म्हणजे कठीण. नुसते फ्लेमिंगोच बघायचे असतील तर ऐरोलीला वनविभागाच्या केंद्रातून होडी सुटते, तिचं तिकीट काढा आणि निवांत बघा. त्यासाठी मंडळाची टोपी लागत नाही.

वसूल होते ती जानेवारीतली मोजणी.

आशियाई पाणपक्षी गणना म्हणून एक काम १९८७ पासून चालू आहे. दर जानेवारीत ठिकठिकाणची हौशी माणसं आपापल्या पाणथळीवर जाऊन पक्षी मोजतात. आमच्या मंडळाकडे भांडुप पंपिंग स्टेशनचा रस्ता, दोन्ही बाजूंची मिठागरं आणि खाडीचा एक तुकडा. मोजणीला फक्त सदस्य, तेही वीसच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, फॉर्म भरायचं सरकारी काम असणार. पण त्यात खरी मेख वेळेची निघाली.

दिवस ठरतो तो तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे भरती दुपारी बाराच्या सुमाराला, म्हणजे पहाटे ओहोटी. सकाळी आठनंतर पाणी चढत जातं आणि चिखलात पांगलेले पक्षी त्याच्यापुढे सरकत सरकत आपल्या बाजूला येतात. अष्टमीला उलटं. सकाळी पाणी उतरत असतं आणि पक्षी त्याच्यामागे लांब निघून जातात. आमच्या देवगडला होडीवाले हे उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीची लहान भरती) बोटांवर मोजतात. इथे कॉम्प्युटरवाली पोरं मोबाईलवर भरतीचं कोष्टक काढून बसलेली, तर मी तिथीवरून वेळ सांगितली. तेव्हापासून मला जरा मान आहे.

मोजायची रीत अशी. थव्यातले दहा पक्षी आधी खरोखर एकेक करून मोजायचे. त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरायचं, आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते बघत पुढे जायचं. थवा मोठा असेल तर शंभराचा तुकडा धरायचा. तिघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा कागदावर लिहायचा आणि तिघांचं लिहून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. नवखा माणूस मोठा थवा हमखास कमी मोजतो. मला हे जमलं. भरलेल्या डबलडेकरमध्ये वर किती, खाली किती, उभे किती, हे जिन्यात उभं राहून सांगण्यात माझी नोकरी गेली. पक्षी निदान सुट्टे पैसे मागत नाहीत.

शेकाट्या सोपा, लांब गुलाबी-लाल पाय. उघडचोच आणि चित्रबलाक तर लहान पोरंही ओळखतात. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद, तलवार बदकाची शेपटी टोकदार, हेही जमतं. घाम काढतात ते चिखले, टिलवे, तुतवार असले बारके, सगळे भुरे, सगळे घाईत. त्यातून वरून दलदली ससाणा गेला की अख्खा चिखल उडतो आणि मोजणी पहिल्यापासून. ताई अशा वेळी चिडत नाहीत. वही नव्या पानावर उघडतात.

एवढं मोजून काय होतं, असं मी विचारलं होतं. तर रामसर म्हणून पाणथळींचा जागतिक करार आहे. एखाद्या जागी नियमितपणे २०,००० पाणपक्षी येत असतील, किंवा एका जातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का तिथे उतरत असेल, तर ती जागा त्या यादीत बसू शकते. म्हणजे आकडा लागतोच, आणि तो कोणीतरी चिखलाकाठी उभं राहून काढलेला असावा लागतो. ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला ती रामसर यादीत गेली. हे ऐकल्यावर ६०० रुपयांचं मला काही वाटेनासं झालं.

बाकीचे कार्यक्रम थोडक्यात. ५ ते १२ नोव्हेंबर राज्याचा पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तेव्हा शाळांमध्ये जाऊन मुलांना तांबट, शिंपी, भारद्वाज ओळखायला शिकवतात. हे चांगलं करतात. पावसाळ्यात बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एक फेरी, त्यात पक्षी कमी आणि जळवांची चर्चा जास्त. व्याख्यानं ठीक. एक वक्ता स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दलच बोलत राहिला, मी मागच्या मागे निघालो.

संक्रांतीनंतरचा रविवार मात्र चुकवू नका. वेळूच्या काठीला आकडी बांधून झाडांवरचा मांजा उतरवतात. नायलॉन मांजावर बंदी असूनही पोतं भरतं. जखमी घार किंवा घुबड सापडलं तर मंडळ स्वतः डॉक्टरकी करत नाही. वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन, नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधार करून थेट परळचं बैलघोडा हॉस्पिटल. पाणी पाजू नका, हात लावू नका, फोटो नंतर, हे ताई चार वेळा बजावतात.

आता तक्रारी. निघायची वेळ साडेसहा सांगतात आणि उशिरा येणाऱ्यांसाठी सात वाजेपर्यंत थांबतात. डबल बेल दिली की गाडी सुटली पाहिजे, हे माझं मत मी सभेत मांडलं, त्यावर लोक हसले, पुढे काही झालं नाही. दुर्बिणी उसन्या देतात, पण तीनच, त्यातल्या एकीत बुरशी. स्वतःची घ्यायची तर ८ बाय ४२ घ्या. आठपट जवळ दिसतं, भिंग ४२ मिलिमीटरचं असल्याने पहाटेही उजेड पुरतो, आणि हात थरथरणाऱ्या आमच्या वयाला त्याहून मोठा आकडा झेपत नाही. तोफेएवढी लेन्सवाले पुढे जाऊन उभे राहतात, त्यांना कोणी मागे घेत नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायला मात्र सक्त मनाई आहे, आणि ती पाळलीही जाते.

सर्वांत मोठी उणीव बायकांच्या दृष्टीने. चार तासांच्या फेरीत प्रसाधनाची सोय कुठे, हे निरोपात कधीच नसतं. आमची ही एकदाच आली, आणि ९०० चे आम्ही पुन्हा ६०० केले. ताई स्वतः बाई असून हे राहावं, याचं नवल वाटतं.

पद्धतशीर शिकायचं असेल त्याने फोर्टात हॉर्नबिल हाऊसला जावं, तिथे १८८३ पासूनची बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत. आमच्याकडे परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही.

नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते. वर्गणी रोख घेतात, पावती देतात. पासपोर्ट साइजचे दोन फोटो लागतात. ओळखपत्र अजून कोणालाच मिळालेलं नाही, तेव्हा ते फोटो कशाला, हे मला विचारू नका. मोजणीत यायचं असेल तर फॉर्म भरतानाच मागच्या बाजूला तसं लिहून द्या, वीस जागा दिवाळीच्या आत भरतात.