तिरळेपणा मोजणारा प्रिझम बार: काही महिन्यांच्या वापरानंतर आकड्यावर किती विसंबावं?

प्रिझम बार म्हणजे वाढत्या शक्तीचे प्रिझम ओळीने बसवलेली पट्टी; ती डोळ्यासमोर धरून डोळा किती वळलाय, म्हणजे तिरळेपणाचा कोन, मोजतात. हा आडवा, प्लास्टिकचा, १ ते ४५ प्रिझम डायॉप्टरचा (प्रिझमच्या शक्तीचं एकक) बार. मत आधीच सांगायचं तर बार चांगला आहे. आकडा चुकतो तो बहुतेक वेळा धरण्यात आणि लक्ष्य निवडण्यात.

२० पर्यंत पायऱ्या दोन-दोनच्या, पुढे पाच-पाचच्या. त्यामुळे केसपेपरवर ‘३३’ दिसलं की तो अंदाज समजावा. दोन्ही डोळे आलटूनपालटून झाकताना डोळ्याची हालचाल थांबली की लगेच आकडा लिहू नका. डोळा उलट दिशेला हलेपर्यंत प्रिझम वाढवा, मग मागे या. झाकणी प्रत्येक डोळ्यावर एक-दोन सेकंद टिकू द्या, पण पलीकडे नेताना चटकन न्या. मध्ये दोन्ही डोळे क्षणभर जरी एकत्र उघडे राहिले, तर फ्यूजन होतं (मेंदू दोन्ही प्रतिमा एक करतो) आणि एरवी दबून राहणारा सुप्त कोन लपतो.

धरण्याबद्दल जरा सविस्तर, कारण घोळ इथेच होतो. प्लास्टिकच्या प्रिझमची मागची सपाट बाजू चेहऱ्याला समांतर हवी. काचेच्या जुन्या प्रिझमची मोजणी प्रेंटिस स्थितीची असते: मागची बाजू त्या डोळ्याच्या नजरेच्या रेषेला काटकोनात. ४० चा काचेचा प्रिझम प्लास्टिकसारखा धरला तर परिणाम फक्त ३२ चा मिळतो! आठ डायॉप्टर तिथेच गेले. ४५ च्या पुढचा कोन असेल तर एकाच डोळ्यासमोर एकाच दिशेचे दोन प्रिझम रचू नका, परिणाम साध्या बेरजेपेक्षा खूप जास्त भरतो. दोन डोळ्यांत वाटून द्या. एक आडवा आणि एक उभा प्रिझम मात्र एकाच डोळ्यासमोर चालतात.

जवळच्या मोजणीला टॉर्च नको. ३३ सेंटिमीटरवर बारीक तपशिलाचं चित्र दाखवा आणि मुलाला त्यातलं काहीतरी विचारत राहा. नुसत्या उजेडाकडे बघताना अकोमोडेशन (जवळचं बघताना डोळ्याने फोकस जुळवणं) सैल राहतं आणि प्लस नंबरच्या मुलांचा आत वळलेला कोन कमी भरतो. चष्मा घालूनच मोजा, पण जाड चष्मा आकडा बदलतो हे ध्यानात ठेवा: मायनस १० मध्ये कोन सुमारे २५ टक्के जास्त दिसतो, प्लसमध्ये कमी.

नजर न धरणाऱ्या बाळांसाठी हिर्शबर्ग चाचणी (टॉर्च दाखवून डोळ्यातला उजेडाचा ठिपका बाहुलीच्या मधून किती सरकलाय ते बघणं) आहेच, पण तिथे ठिपका १ मिलिमीटर सरकणं म्हणजे साधारण २० प्रिझम डायॉप्टर. अर्ध्या मिलिमीटरचा नजरचुकीचा फरकही १० चा. शस्त्रक्रियेचा आकडा त्यावर ठरवू नये.

इतकं सगळं पाळूनही दोन तपासनिसांचे आकडे जुळतीलच असं नाही. २० च्या वरच्या कोनात १२ पेक्षा कमी आणि १० ते २० मध्ये ६ पेक्षा कमी फरक हा नुसता मोजणीतला चढउतार असू शकतो. ‘मागच्या वेळी ३०, आता ३५, म्हणजे वाढला’ असं पालकांना सांगणं चूक आहे. अधूनमधून बाहेर जाणाऱ्या डोळ्यात तर सकाळ-संध्याकाळचाही फरक पडतो. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजा.

बारबद्दल तक्रार एकच: दोन प्रिझममधल्या सांध्याची रेघ बाहुलीसमोर आली की रुग्णाला प्रतिमा फुटलेली दिसते. दर पायरीला बाहुली चौकोनाच्या मधोमध आणा. स्पिरिटने पुसू नका, ॲक्रिलिकवर बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरतं.