वस्तीचा नकाशा कोणत्या पद्धतीने करावा? सांगलीच्या पूरपट्ट्यातील वस्त्यांसाठी तुलनात्मक आढावा

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा दिला जातो आणि 45 फूट ही धोका पातळी मानली जाते. शहराचा पूरकाळातील कारभार या दोन आकड्यांभोवती फिरतो. परंतु सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर अशा सखल भागांतील कुटुंबांना पहिला आकडा गाठला जाण्यापूर्वीच सामान माळ्यावर चढवावे लागते. ज्यांच्या घरात पाणी सर्वांत आधी शिरते, त्यांच्या उंबऱ्याची खूण सरकारी मोजपट्टीवर नाही. ती खूण वस्तीने स्वतः करावी, गटारे, कचऱ्याचे ढीग, नळ, शौचालये आणि पुराच्या रेघा यांचा नकाशा रहिवाशांनीच तयार करावा, यावर फारसा मतभेद होत नाही. घोडे अडते ते पद्धतीवर. नकाशा कागदावर काढावा, मोबाइलवर फॉर्म भरून घ्यावेत, ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरील खुल्या नकाशावर चढवावा, की एखाद्या अनुभवी संस्थेला बोलवावे? हा निर्णय घ्यावयाचा आहे अशी मंडळे, बचत गट आणि कार्यकर्ते यांच्यासाठी हा आढावा आहे. कोणते साधन अधिक अचूक, हा प्रश्न माझ्या मते दुसरा आहे. गोळा झालेली माहिती शेवटी कोणाच्या हातात राहणार आणि ती वाचून कोणाला काय करणे भाग पडणार, हे आधी ठरले पाहिजे.

पद्धत निवडण्यापूर्वी मोजणीचे एकक ठरवावे लागते, आणि याबाबत अमेरिकेतील अनुभव आपल्याला थेट उपयोगी आहे. तेथे 1987 साली युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या चर्चच्या वांशिक न्याय आयोगाने घातक कचऱ्याची व्यावसायिक केंद्रे कोठे आहेत आणि त्यांच्या आसपास कोण राहते, हे टपाल विभागांनुसार ताडून पाहिले. तपासलेल्या घटकांपैकी वंश हाच सर्वांत प्रभावी घटक ठरला, उत्पन्नापेक्षाही. वीस वर्षांनी, 2007 साली, त्याच प्रश्नाचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा टपाल विभागाची सीमा सोडून केंद्रापासूनचे प्रत्यक्ष अंतर धरले गेले. 3 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत बिगरगोऱ्या लोकांचे प्रमाण 56 टक्के भरले आणि आधी वाटली होती त्यापेक्षा विषमता मोठी असल्याचे दिसून आले. मोजण्याची चौकट बदलताच जे झाकले गेले होते ते उघडे पडले. आपल्याकडे ही चौकट म्हणजे प्रभाग. एकाच प्रभागात उंचावरचा मुख्य रस्ता, त्यावरची दुकाने आणि मागे दोन-तीन फूट खाली उतरणारी गल्ली असते. प्रभागाची सरासरी काढली की गल्ली दिसेनाशी होते. म्हणून पद्धत कोणतीही घ्या, पण नोंद गल्लीनिहाय आणि शक्य तेथे जोतेनिहाय असावी.

दुसरी गोष्ट, पाण्याचे प्रकार वेगळे ठेवावेत. नदीचा पूर वेगळा, नदी फुगल्यावर गटारांतून आणि नाल्यांतून उलटे येणारे पाणी वेगळे, आणि शामरावनगरसारख्या भागात केवळ पावसाने साचून राहणारे पाणी वेगळे. तिन्हींना एकच निळा रंग दिला, तर पूररेषेबाहेरच्या माणसाचे गाऱ्हाणे पूररेषेत नसल्याच्या कारणाने फेटाळले जाते. जलसंपदा विभागाची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. चेंबरमधून वर येणाऱ्या सांडपाण्याची कोणतीही रेषा या नकाशांवर नसते.

कागद आणि मोबाइल

खरी निवड बहुतेक वस्त्यांपुढे या दोहोंतलीच असते. कागदावरच्या नकाशाची ताकद अशी की तो काढताना माणसे बोलतात. समाजमंदिरात मोठा कागद अंथरला, रस्ते आणि नाला आखून दिला आणि बायकांच्या हाती खडू दिले, की पाणी कोणत्या बोळातून आधी येते, रात्री शौचालयाकडे जाताना दिवा कोठे नसतो, घंटागाडी कोणत्या वळणाच्या पुढे येत नाही, हे न विचारता कागदावर उतरते. त्यानंतर गल्लीफेरीत हे तपासता येते. एखाद्या दाराशी टेप घेऊन उभे राहिले की घरातल्या काकू भिंतीवरची मातकट रेघ दाखवतात, "एकोणीसला हितवर, एकवीसला ह्या खिडकीच्या खाली," आणि कोणीतरी जोत्यापासून रेघेपर्यंत फूट-इंच मोजून वहीत उतरवतो. 2019 साली आयर्विनजवळ पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. त्या रेघेची उंची आणि हा आकडा जुळवला की त्या घराच्या जोत्याला पाणी साधारण किती फुटांवर लागते, याचा अंदाज बांधता येतो. शेजारच्या चार घरांच्या रेघा पाहून तो पक्का करता येतो.

कागदाची दुबळी बाजूही तितकीच खरी आहे. त्यावरच्या नोंदींची बेरीज होत नाही. अधिकारी त्याकडे चित्र म्हणून पाहतात आणि बाजूला ठेवतात. शिवाय पूरपट्ट्यातला कागद तळमजल्यावरच्या कपाटात ठेवला, तर पुढच्या पुरात तोच आधी जातो. प्रत्येक बैठकीनंतर त्याचे भरपूर उजेडात, सरळ वरून फोटो काढून किमान तीन वेगळ्या घरच्या माणसांकडे ठेवणे हा या पद्धतीचा अनिवार्य भाग समजावा.

मोबाइल फॉर्मसाठी कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके ही साधने जगभर वापरली जातात. प्रश्न मराठीत लिहिता येतात, नेटवर्क नसताना फॉर्म भरून नंतर पाठवता येतो, फोटो आणि ठिकाण एकाच नोंदीला जोडले जातात, आणि दुसऱ्या वर्षी तोच फॉर्म वापरून तुलना करता येते. किती घरांत गटाराचे पाणी शिरले, त्यांपैकी किती भाडेकरू, किती जणांचा पंचनामाच झाला नाही, अशी उत्तरे हवी असतील, तर कागद येथे पुरत नाही. उलट, फॉर्म तयार करताना जो प्रश्न सुचला नाही तो कायमचा सुटतो, आणि प्रश्न विचारणारी मुलगी समोरच्या माणसाऐवजी स्क्रीनकडे पाहू लागते. पासवर्ड एकाच हुशार मुलाकडे असणे हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. तो नोकरीसाठी पुण्याला गेला की वस्तीची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

ठिकाणाच्या अचूकतेबद्दल मोबाइलवर फार विसंबू नये. मोकळ्या आकाशाखालीही साध्या फोनच्या जीपीएसमध्ये सुमारे 5 मीटरची चूक गृहीत धरावी लागते, आणि पत्र्यांच्या दाटीत ती वाढते. दहा बाय बाराची खोली म्हणजे जेमतेम 3 ते साडेतीन मीटर; तेव्हा बिंदू शेजाऱ्याच्या घरावर पडणे ही नित्याची बाब आहे. फोनने सांगितलेली उंची तर पुराच्या कामासाठी अजिबात वापरू नये. यावर साधा उपाय आहे. आधी कागदी नकाशावर प्रत्येक घराला क्रमांक द्यावा आणि फॉर्ममध्ये जीपीएसऐवजी तो क्रमांक भरावा. असे केले की दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक ठरतात, आणि माझ्या मते दोनशे-तीनशे घरांच्या वस्तीसाठी हीच सर्वांत योग्य जोडणी आहे.

ओपनस्ट्रीटमॅप आणि गूगल माय मॅप्स

ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून चालत आलेला, कोणालाही भर घालता येईल असा जागतिक नकाशा आहे. नैरोबीतील किबेरा ही मोठी वस्ती 2009 पर्यंत त्यावर जवळजवळ कोरी होती. तेथील तरुणांनी फिरून पाणवठे, शौचालये, दवाखाने, वाटा नोंदवल्या आणि वस्ती नकाशावर आली. सांगलीतील एखादी गल्ली तेथे नसेल तर ती घालणे हे नक्कीच मोलाचे काम आहे, कारण आपत्तीच्या वेळी बाहेरून येणारी पथके हा नकाशा वापरू शकतात. मराठी नावेही नोंदवता येतात. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी जुनी नावे जुन्या नकाशांत टिकून असतात. रहिवाशांनी स्वीकारलेले नाव येथे त्यांनाच लिहिता येते, ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. हा नकाशा जमिनीवर आज जे दिसते ते नोंदवण्यासाठी आहे. अमुक तारखेला पाणी किती होते, हे त्यात बसत नाही. आणि तेथे घातलेली माहिती सर्वांची होते, व्यापारी कंपन्यांचीही. नंतर पुसली तरी बदलांचा इतिहास राहतो. म्हणून गटार, नळकोंडाळे, पायऱ्या, उंच जागी जाणारी वाट, निवाऱ्याची शाळा एवढेच तेथे घालावे. घराघराची माहिती तेथे कधीही जाऊ नये. गूगलच्या नकाशावरून पाहून येथे रेघ ओढणे नियमबाह्य आहे, हेही नव्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगावे.

गूगल माय मॅप्सबद्दल थोडक्यात सांगायचे तर, एका संध्याकाळी पन्नास तुंबलेली चेंबर दाखवून नगरसेवकाला दुवा पाठवायचा असेल, तर ते सोपे साधन आहे. एका नकाशात 10 स्तर आणि एका स्तरात 2000 नोंदी इतकी सोय वस्तीला पुष्कळ होते. मात्र खाते एका व्यक्तीचे असते, दुवा कोठे फिरतो यावर ताबा राहत नाही, आणि दीर्घकालीन कामाचा पाया म्हणून ते मला भरवशाचे वाटत नाही.

संस्थेची मदत

पुण्यातील शेल्टर असोसिएट्स या संस्थेने पुण्याप्रमाणेच सांगली-मिरजेतील वस्त्यांचेही जीआयएस नकाशे, म्हणजे प्रत्येक ठिकाणाला माहिती जोडलेले संगणकीय नकाशे, तयार केले आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा मार्ग अगदीच अनोळखी नाही. अशा सर्वेक्षणाचा नकाशा मोजमापात पक्का असतो, घरकुल किंवा वैयक्तिक शौचालयांच्या योजनेशी जोडता येतो आणि महापालिकेच्या अभियंत्यांना तो वाचता येतो. वस्तीचे काम पुनर्वसनाशी किंवा जमिनीच्या हक्काशी निगडित असेल, तर कागद आणि कोबो यांवर थांबू नये. हा मार्ग घ्यावा. अट एकच, पण ती लेखी असावी: मूळ माहिती, फक्त छापील नकाशा नव्हे, वस्तीच्या गटाकडे वापरता येईल अशा फाइलीत दिली जावी.

ही अट किती महत्त्वाची आहे, ते अलीकडेच दिसले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2015 मध्ये ईजेस्क्रीन हा नकाशा सर्वांसाठी खुला केला होता. प्रदूषण आणि लोकवस्ती एकत्र दाखवणारा हा नकाशा फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारी संकेतस्थळावरून काढण्यात आला. बाहेरच्या अभ्यासकांनी आधीच प्रती करून ठेवल्या होत्या म्हणून तो पुन्हा उभा राहू शकला. वस्तीचा नकाशा फक्त कार्यालयात असेल तर तो कार्यालयाच्या मर्जीवर असतो.

जातीचा रकाना

अमेरिकेतील नकाशे वंश विचारतात. आपल्या नकाशाने जात विचारावी का, हा प्रश्न टाळून चालणार नाही. नाल्याकाठची, कचरा डेपोजवळची जागा कोणाच्या वाट्याला आली आणि गटारात कोणाला उतरवले जाते, याचा जातीशी संबंध आहे. पण सांगलीच्या पुरात गावभागातील जुने वाडेही बुडतात, तेव्हा उत्तर आधीच गृहीत धरता येत नाही. ते मोजावे लागते. 1960च्या दशकाच्या अखेरीस डेट्रॉइटमध्ये ग्वेंडोलिन वॉरन या तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्तीने आणि भूगोलतज्ज्ञ विल्यम बंगी यांनी मुलांच्या अपघाती मृत्यूंचा नकाशा काढला, तेव्हा उपनगरांतून गाडीने येणाऱ्या गोऱ्या नोकरदारांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय मुले चिरडली जात असल्याचे स्पष्ट झाले. तेथे वंशाची नोंद नसती तर तो केवळ वाहतुकीचा नकाशा ठरला असता.

माझा सल्ला असा की जात विचारावी, पण ऐच्छिक ठेवावी, घरक्रमांकापासून वेगळ्या वहीत ठेवावी आणि बाहेर देताना फक्त गल्लीची एकूण संख्या द्यावी. गल्लीत एखाद्या समाजाची चार-दोनच घरे असतील तर तीही देऊ नये. मालकी, भाडेकरार आणि घरपट्टीची पावती यांनाही हाच नियम लावावा, कारण अतिक्रमणाची नोटीस काढणाऱ्याच्या हाती हीच यादी पडू शकते. कायद्याच्या बाजूने पाहता, फेब्रुवारी 2021च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय नागरिकांना आणि संस्थांना अशा कामासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. घरांच्या माहितीबाबत मात्र 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे भान ठेवून प्रत्येक घराची संमती घ्यावी.

काम दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलपूर्वी संपवावे, कारण पावसाळ्याआधीच्या नालेसफाईची आखणी त्यानंतर बदलणे कठीण जाते. गट लहान असेल आणि संगणकाची सवय एकालाच असेल, तर दुसरी व्यक्ती तयार होईपर्यंत मोबाइल फॉर्म सुरूच करू नये. कागद, टेप आणि वही यांवर काम चालू द्यावे. त्याच काळात माहिती अधिकारात परिसरातील गटार-नाल्यांचा आणि पूररेषांचा नकाशा मागवावा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. महापालिकेकडे पहिल्यांदा जाताना संपूर्ण नकाशा नेण्याऐवजी एका पानाचा तक्ता न्यावा: डावीकडे गल्लीचे नाव, मध्ये पाणी शिरते तेव्हाची आयर्विनची पातळी फुटांत, उजवीकडे तेथील घरे, एकटी राहणारी वृद्ध माणसे आणि जवळच्या उंच निवाऱ्याचे नाव. हा तक्ता आपत्ती व्यवस्थापन कक्षात आवक क्रमांकासह नोंदवून घ्यावा आणि त्याची शिक्का मारलेली प्रत मंडळाच्या फाइलीत लावावी.